लांबलचक युरोप ट्रिपचे शेवटचे दोन दिवस लंडनमध्ये कसे घालवायचे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

रोम, फ्लोरेन्स, इंटरलाकेन, पॅरिस असं करत करत चोविसाव्या दिवशी आम्ही लंडनला पोचलो. हातात अकरा ठिकाणांची यादी होती आणि पायात अजिबात जीव नव्हता. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तीन ठिकाणी रांगा लावल्या, एकही जागा नीट बघून झाली नाही, आणि शेवटी वेस्टमिन्स्टर ब्रिज ओलांडून पलीकडे नदीकाठच्या बाकावर बसलो ते तासभर उठलोच नाही. नवरा म्हणाला, आता यादी राहू दे, नदी जाते तिकडे चालूया. त्या दिवशी संध्याकाळी जे लंडन दिसलं ते मला त्या आधीच्या तेवीस दिवसांपेक्षा जास्त आठवतंय. दीड वर्षाने आई-बाबांना घेऊन परत गेले तेव्हा मात्र शेवटचे दोन दिवस आधीपासून विचार करून बसवले, आणि आईचे गुडघे दुखत असूनही ते दोन्ही दिवस फार छान गेले. ट्रिपच्या शेवटी शहर "उरकायचं" नसतं, त्यात नुसतं फिरायचं असतं, पण निवांत फिरता यावं म्हणून चार-पाच कामं आधी उरकावी लागतात, ती मला कोणी सांगितली नव्हती म्हणून इथे क्रमाने लिहितेय.

१. पॅरिस (किंवा युरोपातलं जे शेवटचं शहर असेल ते) सोडण्याआधी

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात त्यामुळे हे आधी वाचा. युरोपात खरेदी केली असेल आणि व्हॅट रिफंडचे (परदेशी टुरिस्टना परत मिळणाऱ्या खरेदीवरच्या कराचे) कागद घेतले असतील तर त्यावरचा कस्टमचा शिक्का युरोपियन युनियनमधून बाहेर पडतानाच घ्यावा लागतो. ब्रिटन आता युनियनमध्ये नाही, म्हणजे हीथ्रोला जाऊन शिक्का मारू असं डोक्यात असेल तर ते पैसे गेले समजा. युरोस्टारने (पॅरिस-लंडन ट्रेनने) जाणार असाल तर पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवरच चेक-इनच्या आधी हे काम करायचं. फ्रान्समधल्या खरेदीचे फॉर्म मशीनवर स्कॅन होतात, इटलीतल्या खरेदीचे असतील तर माणसाकडून शिक्का घ्यावा लागतो, त्यामुळे वेळ जास्त ठेवा. स्वित्झर्लंडची खरेदी तर अजून वेगळी, तो देश युनियनमध्ये नाहीच, त्याचा शिक्का तिथून निघतानाच. आणि लंडनमध्ये जी खरेदी कराल तिच्यावर रिफंड मिळेल या हिशोबाने मोठं काही घेऊ नका, १ जानेवारी २०२१ पासून तिथे दुकानातून खरेदी करून स्वतः घेऊन जाणाऱ्या टुरिस्टसाठी ती सोय बंद आहे.

दुसरं, व्हिसा. शेंगेन व्हिसावर लंडनला जाता येत नाही, ब्रिटनचा व्हिसा पूर्ण वेगळा. हे बहुतेकांना माहीत असतं, पण लंडन ट्रिपच्या मध्ये ठेवून परत युरोपात शिरायचं असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा लागतो हे तिकिटं काढून झाल्यावर कळलेले दोन जण माझ्या ओळखीत आहेत. लंडन शेवटी ठेवलं की हा प्रश्नच येत नाही.

युरोस्टारची एक चांगली गोष्ट म्हणजे ब्रिटनचा पासपोर्ट कंट्रोल पॅरिसमध्येच होतो. सव्वादोन-अडीच तासांनी सेंट पॅन्क्रसला उतरलात की थेट बाहेर. म्हणून व्हिसा, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट हे सगळं पॅरिसला गाडीत चढण्याआधी हाताशी हवं, बॅगेच्या तळाशी नको.

युरोपात घेतलेलं सिम लंडनमध्ये चालेलच असं नाही, ब्रेक्झिटनंतर काही प्लॅनमध्ये ब्रिटन धरत नाहीत. पॅरिसमध्ये वायफाय आहे तोवर तपासून घ्या. आणि अडॅप्टर! युरोपातला दोन गोल पिनांचा तिथे बसत नाही आणि आपला भारतातला प्लगही बसत नाही, तीन चौकोनी जाड पिनांचा लागतो. प्लग लावल्यावर सॉकेटचं बटण चालू करायला विसरू नका, तीन आठवडे बटण नसलेल्या सॉकेटची सवय झाल्यामुळे पहिल्या रात्री आमचे दोन्ही फोन चार्जच झाले नव्हते.

२. परतीचा विमानतळ आणि टर्मिनल आजच बघा

तिकिटावर "लंडन" लिहिलंय एवढ्यावर थांबू नका. लंडनच्या नावाने सहा विमानतळ चालतात: हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी आणि साउथएंड. गॅटविकला जायला व्हिक्टोरियाहून गाडी सोयीची, स्टॅनस्टेडला लिव्हरपूल स्ट्रीटहून, ल्यूटनला सेंट पॅन्क्रसहून. भारतात येणारी बरीच विमानं हीथ्रोहून सुटतात म्हणून पुढचं सगळं हीथ्रो धरून लिहितेय.

हीथ्रोला टर्मिनल २, ३, ४ आणि ५ आहेत, १ नंबर २०१५ मध्ये बंद झालं. २ आणि ३ चं स्टेशन एकच, पण ४ आणि ५ वेगवेगळ्या फाट्यांवर आहेत. पिकॅडिली लाइनची ट्यूब (लंडनची मेट्रो) एकतर ४ कडे जाते नाहीतर ५ कडे, त्यामुळे गाडीच्या कपाळावरची पाटी वाचल्याशिवाय चढू नका. चुकून दुसऱ्या टर्मिनलला उतरलात तर घाबरू नका, एका टर्मिनलहून दुसऱ्या टर्मिनलला ट्रेनने जाणं फुकट आहे, फक्त वेळ जातो.

जायचे तीन मार्ग. पिकॅडिली लाइन स्वस्त पण मध्य लंडनहून जवळपास तास लागतो आणि गर्दीच्या वेळी मोठ्या बॅगा घेऊन उभं राहणं नको वाटतं. हीथ्रो एक्सप्रेस पॅडिंग्टनहून पंधरा मिनिटांत टर्मिनल २-३ ला पोचवते पण महाग, शिवाय ती ४ नंबरला जात नाही. माझं मत विचाराल तर एलिझाबेथ लाइन. २०२२ मध्ये सुरू झालेली, डबे मोठे, एसी, पॅडिंग्टनहून अर्ध्या तासात विमानतळ. आई-बाबांना घेऊन मी हीच घेतली.

शनिवार-रविवारी बऱ्याच लाइनींवर दुरुस्तीची कामं असतात, आदल्या रात्री टीएफएलच्या (लंडनच्या बस-ट्यूब चालवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर बघून ठेवा. आणि २५ डिसेंबरला ट्यूब, बस दोन्ही बंद असतात, त्या दिवशीचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून काढाल आणि टॅक्सीत सगळी बचत जाईल.

३. सामानाची सोय लावा

शेवटच्या दिवशी हॉटेल अकरा वाजता सोडायला लावतं आणि विमान रात्री. मधले आठ-नऊ तास तुमचे की तुमच्या बॅगेचे, हे इथे ठरतं.

हॉटेलवाले बहुतेक वेळा बॅगा ठेवून घेतात, पण बुकिंग करतानाच विचारा. आम्ही पहिल्या वेळी जिथे उतरलो होतो तिथे स्वागताला माणूसच नव्हता, दाराला कोड, आणि सामान ठेवायची खोली नाही म्हणून मेसेज आला तोही सकाळी. पॅडिंग्टन, किंग्ज क्रॉस, व्हिक्टोरिया अशा मोठ्या स्टेशनांवर "लेफ्ट लगेज" असतं, तिथे माणसं असतात, बॅग स्कॅन करून घेतात आणि पावती देतात. विमान हीथ्रोहून असेल तर सामान पॅडिंग्टनलाच ठेवा म्हणजे शहरात उलटं यावं लागत नाही. दुकान बंद व्हायची वेळ पावतीवर बघून घ्या.

बॅग घेऊन म्युझियममध्ये जाऊन तिथल्या क्लोकरूममध्ये ठेवू हा विचार सोडून द्या, ब्रिटिश म्युझियममध्ये चाकांच्या सुटकेस आतच घेत नाहीत.

पासपोर्ट, औषधं, चार्जर, पॉवर बँक हे लेफ्ट लगेजमध्ये टाकायचं नाही, छोट्या पाठपिशवीत अंगावर ठेवायचं. वजन जास्त झालं असेल तर जुने स्वेटर, तीन आठवडे घासलेले पण धड असलेले कपडे कोणत्याही चॅरिटी शॉपमध्ये धुऊन नेऊन द्या, लंडनच्या जवळपास प्रत्येक बाजाररस्त्यावर असं दुकान असतं. बाबांचा जाड कोट आम्ही असाच दिला, तेवढ्यात दीड किलो कमी झालं.

४. पैसे आणि बसचं कार्ड

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. कॉन्टॅक्टलेस कार्ड, फोन किंवा ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) टॅप करायचं. नियम सोपे आहेत पण चुकले की जास्त कापतात:

बसमध्ये चढताना एकदाच टॅप, उतरताना नाही. ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा, बाहेर पडताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडं लागतं.

प्रत्येकाचं कार्ड वेगळं. नवराबायकोने एकाच कार्डावर दोनदा टॅप करून चालत नाही.

दिवसभर एकच वस्तू वापरा. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच कार्डाला जोडलेला फोन असं केलंत तर मशीनला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दिवसाची जी भाड्याची कमाल मर्यादा असते तिचा फायदा जातो.

पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही वेळा बस बदला, एकाच बसचं भाडं पडतं. हे कळल्यापासून आम्ही ट्यूब जवळजवळ सोडलीच, कारण थकलेल्या माणसाला जिने आणि बोगदे नको असतात, वरच्या मजल्यावरची पुढची सीट हवी असते.

रोख थोडीच ठेवा. नातेवाइकांनी "आमच्याकडे पडलेत, वापरा" म्हणून दिलेले पाउंड नीट बघून घ्या. कागदी नोटा आता चालत नाहीत, शेवटच्या २० आणि ५० पाउंडाच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर बाद झाल्या, आणि जुनं गोल एक पाउंडाचं नाणं २०१७ लाच गेलं, आता बारा कडांचं आहे. माझ्या आत्याने दिलेल्या ४० पाउंडांत दोन्ही नोटा कागदी निघाल्या. त्या बँक ऑफ इंग्लंडमध्ये बदलून मिळतात, पण शेवटच्या दोन दिवसांत त्या रांगेत उभं राहायचं का ते तुम्ही ठरवा, आम्ही त्या परत घेऊन आलो.

५. पहिला दिवस: नदीचा हात सोडू नका

वेस्टमिन्स्टर ट्यूब स्टेशनला बाहेर या, समोर बिग बेन. फोटो काढा आणि पूल ओलांडून दक्षिणेच्या काठाला जा. आता नदी डाव्या हाताला ठेवून चालत सुटायचं, टॉवर ब्रिजपर्यंत. साधारण चार किलोमीटर आहे, सपाट आहे, गाड्या नाहीत, आणि जागोजागी बाक. न थांबता गेलात तर तासाभरात होईल, पण तसं जाऊ नका, आम्हाला पाच तास लागले.

वॉटर्लू ब्रिजच्या खाली जुन्या पुस्तकांची टेबलं मांडलेली असतात. पाऊस आला तरी पुलाचं छप्पर आहे. बाबा तिथे पाऊण तास रमले, एक जुना नकाशा घेतला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना परदेशात घड्याळ न बघता उभं राहिलेलं पाहिलं.

पुढे टेट मॉडर्न लागतं. पूर्वीचं वीजकेंद्र आहे, २००० साली म्युझियम झालं, प्रवेश फुकट, आणि आधुनिक चित्रांत रस नसला तरी आत जाऊन ती टर्बाइन ठेवायची अवाढव्य जागा नुसती बघून या. बाहेर पडलात की समोर मिलेनियम ब्रिज आणि त्याच्या टोकाला सेंट पॉल्सचा घुमट. हा पायी पूल जून २००० मध्ये उघडला आणि लोक चालताना इतका हलायला लागला की दोन दिवसांत बंद करावा लागला, दुरुस्त होऊन २००२ मध्ये परत सुरू झाला. पुलाच्या मध्यावर जाऊन परत या, किंवा पाय चांगले असतील तर पलीकडे जा. सेंट पॉल्सला आत जायला तिकीट आहे, पण संध्याकाळची प्रार्थना ऐकायला जाणाऱ्यांना तिकीट लागत नाही. तिथे फोन काढायचा नाही, शांत बसायचं. आईला सगळ्या ट्रिपमध्ये ते सर्वात आवडलं.

दक्षिण काठाने पुढे बरो मार्केट. सोमवारी बंद असतं. शनिवारी दुपारी इतकी गर्दी असते की प्लेट धरायला जागा मिळत नाही, तेव्हा जमलं तर मधल्या वारी जा. मग लंडन ब्रिज, आणि मग टॉवर ब्रिज दिसतो. बरेच जण लंडन ब्रिजलाच टॉवर ब्रिज समजून फोटो काढून परत फिरतात. दोन मनोरे असलेला, १८९४ चा, तो टॉवर ब्रिज, अजून दहा-पंधरा मिनिटं चाला.

परत येताना चालू नका. टॉवर ब्रिज ओलांडून पलीकडे टॉवर ऑफ लंडनच्या किल्ल्याजवळून १५ नंबरची बस पकडा, वर पुढे बसा, ती सेंट पॉल्स, फ्लीट स्ट्रीटवरून ट्राफलगर स्क्वेअरला आणून सोडते.

वेळ ठरवताना उजेडाचा विचार करा. डिसेंबरात चार वाजताच सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वानऊनंतरही उजेड असतो. हिवाळ्यात हा फेरा सकाळी दहालाच सुरू करा.

६. दुसरा दिवस: बाबासाहेबांचं घर, टेकडी, आणि कालव्याने पॅडिंग्टन

सकाळी सामान पॅडिंग्टनला टाका आणि नॉर्दर्न लाइनच्या चॉक फार्म स्टेशनला या. तिथून थोडंसंच चालत किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहायचे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. उघडं असण्याचे वार आणि वेळा आदल्या दिवशी बघून घ्या. रस्ता अगदी शांत, आजूबाजूला लोक राहतात, त्यामुळे दारात मोठ्याने बोलत ग्रुप फोटो काढत बसू नका. कुठल्या यादीत हे ठिकाण पहिल्या दहात येत नाही, पण मला विचाराल तर सगळं सोडा आणि इथे जा. एवढ्या लांब, एवढ्या थंडीत, पैशांची ओढाताण करत तो माणूस इथून रोज वाचनालयात जायचा, हे त्या दारासमोर उभं राहिल्यावर जसं अंगावर येतं तसं पुस्तकात वाचून आलं नव्हतं. बाबा तिथे काही बोलले नाहीत, नुसती चप्पल काढून उभे राहिले.

तिथून प्रिमरोझ हिलवर चढा. चढ छोटा आहे, आई दोनदा थांबून चढली. वरून सगळं लंडन समोर पसरलेलं दिसतं, काल चाललेला पट्टा बोटाने दाखवता येतो.

आता दक्षिणेच्या बाजूने खाली उतरा, मोठा रस्ता ओलांडा आणि कालव्याच्या काठावर उतरायची वाट शोधा. हा रीजंट्स कॅनॉल, १८२० चा. उजवीकडे वळा आणि पाण्याच्या कडेने चालत राहा. डावीकडे रीजंट्स पार्कची झाडं आणि मोठमोठे बंगले, पुढे लांबट बोटींमध्ये राहणारी माणसं, त्यांच्या टपावर कुंड्या, सायकली, कुठे मांजर.

इथे एक जागा गोंधळाची आहे. पुढे कालवा बोगद्यात शिरतो आणि पायवाट संपते, तेव्हा वाट चुकली असं समजून मागे फिरू नका. जिना चढून वर रस्त्यावर या, एजवेअर रोड ओलांडा, ब्लूमफील्ड रोडने सरळ चाला, कालवा परत शेजारी येतो. थोड्याच वेळात लिटल व्हेनिस, जिथे पाणी रुंद होतं आणि काठावर बसायला जागा आहे. तिथून पाण्याच्या कडेनेच पॅडिंग्टन स्टेशनला पोचता येतं. म्हणजे फिरणं संपतं तिथेच बॅगा आणि तिथूनच विमानतळाची गाडी. चॉक फार्मपासून सगळं मिळून पाचेक किलोमीटर होतं. सायकलवाले मागून येतात, घंटी वाजली की भिंतीकडे सरका.

कोणाला एवढं चालणं जमणार नसेल तर टेकडीवरून परत कॅम्डनकडे या आणि २४ नंबरच्या बसने ट्राफलगर स्क्वेअर, वेस्टमिन्स्टर असं बसल्या बसल्या बघा.

७. पाऊस आला किंवा पाय बोलायला लागले तर

म्युझियम. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), सगळी कायमची दालनं फुकट. फुकट असल्यामुळे वीस मिनिटांत बाहेर पडलं तरी काही बुडत नाही, हे मनावर घ्या. ब्रिटिश म्युझियममध्ये एकच दालन करा, ३३ नंबर, त्यात आपल्याकडचं खूप काही आहे. फुकट असलं तरी वेळेचं बुकिंग करून गेलात तर रांग कमी. शुक्रवारी ही तिन्ही ठिकाणं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात आणि तेव्हा गर्दीही कमी.

बाथरूमची चिंता असेल तर म्युझियम आणि मोठी रेल्वे स्टेशनं लक्षात ठेवा, पॅडिंग्टन, वॉटर्लू, लंडन ब्रिज इथे पैसे लागत नाहीत. नळाचं पाणी पिता येतं, बाटली भरून घ्या.

शेवटची खरेदी रविवारवर ठेवू नका, मोठ्या दुकानांना रविवारी कायद्यानेच सहा तास उघडं राहता येतं.

८. रस्त्यावर

तीन आठवडे उजवीकडून चालणाऱ्या गाड्यांची सवय झालेली असते आणि इथे परत आपल्यासारखं डावीकडून. थकलेला माणूस चुकीच्या बाजूला बघतो, नवऱ्याला मी हाताला धरून मागे ओढलंय. क्रॉसिंगला जमिनीवर कुठे बघायचं ते लिहिलेलं असतं, ते वाचा.

फोन फुटपाथच्या कडेला उभं राहून बघू नका, ई-बाइकवरून येऊन हिसकावून नेतात. नकाशा बघायचा तर भिंतीला पाठ लावून किंवा दुकानाच्या दारात. बोर्डिंग पासचा एक छापील कागद वेगळा ठेवा. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची.

काय काय हाताशी हवं

पासपोर्ट आणि ब्रिटनच्या व्हिसाची माहिती, फोनमध्ये आणि कागदावर. परतीचं तिकीट, त्यावर विमानतळ आणि टर्मिनल पेनाने गोल केलेलं. ज्याने टॅप करायचं ते कार्ड, आणि दुसरं एक कार्ड वेगळ्या खिशात. लेफ्ट लगेजची पावती, तिचा फोटोही. तीन पिनांचा अडॅप्टर, पॉवर बँक. पातळ रेनकोट, छत्रीपेक्षा बरा, नदीवर वारा फार असतो. गुडघ्याची गोळी, ब्लिस्टरच्या पट्ट्या, एक जोडी कोरडे मोजे. शेवटचे मोजे फार महत्त्वाचे, कालव्यावरून आल्यावर पॅडिंग्टनच्या बाकावर बसून आईने ते बदलले आणि मग विमानात बसेपर्यंत पायाची तक्रार केली नाही.

वेळेचा हिशोब आमचा असा होता: विमान रात्री साडेनऊचं, पाच वाजता पॅडिंग्टनला बॅगा हातात, साडेपाचची एलिझाबेथ लाइन, सहाला काउंटरसमोर. ऑयस्टर घेतलं असेल आणि त्यात थोडे पैसे उरले असतील तर ते कार्ड टाकून देऊ नका, शिल्लक मुदतीशिवाय तशीच राहते. आमची तिन्ही कार्डं मी पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवलीत.